पट्टीत दोनच गोळ्या कमी

चि. निखिल, अनेक आशीर्वाद.

काल रात्री सुखरूप पोचलो. बॅगा अजून हॉलमध्येच पडल्यात, आई म्हणते आधी झोपा, पण झोप येईना म्हणून हे टाइप करत बसलोय. एअरपोर्टवर सगळ्यांसमोर तुझ्यावर ओरडलो ते डोक्यातून जात नाही. आता बीपीचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच सुरुवात करतोय.

त्या चहाच्या म्युझियमबद्दल लिहितो. तू म्हणालास हाँगकाँग पार्कात नुसत्या चहाच्या भांड्यांचं म्युझियम आहे, तेव्हा मनात म्हटलं, किटल्या बघायला एवढं विमानाचं तिकीट काढून यायचं का. पण तो १८४६ चा पांढरा बंगला, कधीकाळी इंग्रजांच्या सेनापतीचं घर, आजूबाजूला काचेचे टॉवर आणि मधे हा आपला व्हरांडे पसरून निवांत बसलेला. शिवाय फुकट. आईने आधी तेच विचारलं होतं.

मला आवडली ती चीनमधल्या यिशिंगची किटली. मोसंबीएवढी, जांभळट तपकिरी, वर चकाकी नाहीच. आपण बरणीला चिनीमाती म्हणतो ती ही नव्हे. चाकावर करत नाहीत म्हणे, मातीच्या चकत्या थापटून पातळ करायच्या आणि जोडायच्या. आणि साबण लावायचा नाही, चहा मातीत मुरतो, म्हणून एका किटलीत एकाच जातीचा चहा. अक्काच्या लोणच्याच्या बरणीला दुसऱ्या कुणी हात लावलेला चालायचा नाही, तसंच काहीसं. किटल्या आल्या त्या चीनच्या मिंग घराण्याच्या काळात, त्याआधी चहाच्या वड्या कुटून पूड करायची आणि वाडग्यात घुसळायची. १३९१ मध्ये मिंगांच्या पहिल्या बादशहाने नजराण्यात वड्या नकोत, सुटी पत्ती पाठवा असा हुकूम काढला. शेतकऱ्याचा पोरगा होता तो, वड्या करण्यातले कष्ट त्याला कळले असणार.

हे सगळं मी एकट्याने बघितलं. तू दारात कॉलवर होतास. रविवारी.

नंतर चहा प्यायला बसलो तेव्हा चहा देणाऱ्या बाईंनी झाकणाच्या बोंडावरचं बारीक भोक बोटाने दाबलं आणि धार तुटली, बोट उचललं की परत सुरू. हवा आत गेल्याशिवाय चहा बाहेर येत नाही. एकतीस वर्षं कारखान्याच्या बॉयलरवर काढलीत मी, मला गेज बघायची सवय आहे रे. १५०/१०० हा काय बत्तिसाव्या वर्षी असायचा आकडा आहे? आणि ड्रॉवरमध्ये ती पट्टी, तारीख दीड महिन्यापूर्वीची आणि गोळ्या दोनच कमी. आई रुमाल शोधत होती, मुद्दाम नाही उघडला ड्रॉवर. अण्णाही म्हणायचे मला काही होत नाही. ती दिवाळी तुला आठवत नसेल, तू पाच वर्षांचा होतास, रिक्षात मीच त्यांना धरून बसलो होतो.

बघ, काढलाच विषय. सॉरी. मोठा झालायस, तुझं तुला कळतं. तू त्या बाईंशी त्यांच्या भाषेत बोललास, त्या हसल्या, मला एक अक्षर कळलं नाही पण जाम भारी वाटलं, आईने तर इथे येऊन शेजारी सांगूनसुद्धा झालं. मीठ कमी कर एवढंच, ते कपातले नूडल्स रात्री दोनला नको. आणि जेवणाआधी की नंतर ते डॉक्टरांना नीट विचार.

तू घेऊन दिलेली किटली आईने आल्याआल्या भांड्याच्या साबणाने खसाखसा घासली. मी काही बोललो नाही. आता त्यात आलं घालून चहा करायचा म्हणते.

रोज सकाळी त्या पट्टीचा फोटो टाक. मेसेज लिहू नकोस, नुसता फोटो.

बाबा