पुल्ली सापडली

१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय विज्या,

पुल्ली सापडली. हडंब्याची, आपल्या मळणीयंत्राची, ती मोठी.

हे आधी वाच. दोन महिने उत्तर का दिलं नाही म्हणून शिव्या मग घाल. आमच्या माळ्यावर, बाबांच्या ट्रंकेच्या मागं होती. गोणपाटात गुंडाळलेली, वरून सुतळी. आतून ग्रीस फासलेलं, म्हणून एवढ्या वर्षांत गंजाचा ठिपका नाही. सुतळीची गाठ बाबांचीच, ती दुहेरी, जी सोडवताना आपली नखं तुटायची.

तूच ती गव्हाच्या हंगामात कुठंतरी टाकून आला, असं मी पंचवीस वर्षं बोलत आलो. पारावर बोललो, तुझ्या लग्नात जानोशावर बोललो. त्या साली लहान पुल्लीवर सोयाबीन काढलं, अर्ध्या ढिगाची दाळ झाली, तुझ्या बापानं, काकाजींनी, तुला सगळ्यांसमोर मारलं अन् दिवाळीच्या आत भागी मोडली. बाबा तेव्हा गप्प होते. जपून ठेवून विसरले की ठाऊक असून बोलले नाहीत, हे आता कुणाला विचारू? चुकलं माझं, लेका. फोनवर म्हणालो असतो तर तू हसून सोडून दिलं असतं, म्हणून कागदावर लिहितोय.

शोधायला लागलो तेही तुझ्यामुळंच. तू अमेरिकेतून तो व्हिडिओ पाठवला ना, शेजारचा म्हातारा छोट्या नारिंगी ट्रॅक्टरमागं ते ऑल-क्रॉप नावाचं जुनं कापणी-मळणीचं यंत्र ओढत सोयाबीन काढतो, तो मी किती वेळा पाहिला याचा हिशेब नाही. पोरानं माहिती काढली. १९३० च्या दशकातलं यंत्र, तुझ्याच इंडियानात ला पोर्टला बनायचं, चालायचं ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्यावर. कापणीचा पाटा पाच फुटांचा अन् आतला ड्रमही तेवढाच रुंद, म्हणजे माल कुठं आवळला न जाता पातळ थरानं सरळ आत जातो. अन् ड्रमच्या पट्ट्यांवर रबर! हे वाचलं अन् मी उठून बसलो. त्यांनी रबर लावून दाणा सांभाळला, आपल्या बापांनी मोठी पुल्ली बसवून ड्रम हळू केला. दुखणं एकच. सोयाबीनची साल पातळ, मोड सालीला लागूनच, जरा जोरात मार बसला की दाणा वरून साजरा दिसतो अन् पेरल्यावर उगवतच नाही.

तुला बातम्यांतून कळलंच असेल, यंदा ऑगस्ट-सप्टेंबरात पावसानं वावरं धुऊन नेली. आपल्या नाल्याकाठच्या वावरात हार्वेस्टर उतरलाच नाही. धुऱ्यावरूनच ड्रायव्हर म्हणाला, इथं रुतली तर दुसरी मशीन आणावी लागेल. मग एक एकर बायांकडून सोंगून घेतलं, गंजी लावली, ताडपत्री झाकली अन् बाबांचा झेटर ट्रॅक्टर काढला. तोच आपला २५११, पंचवीस हॉर्सपॉवरचा, तूच ज्याला ‘म्हातारा’ म्हणायचा. बॅटरी नवी टाकली, डिझेलची हवा काढली अन् तिसऱ्या दमात तो बोलला. दोन सिलिंडरचा तो आवाज ऐकून माय घरातून बाहेर आली अन् दारातच उभी राहिली. काही बोलली नाही.

हडंब्याच्या शाफ्टवर पुल्ली चढवली, नवा पट्टा टाकला. पोरानं कॉलेजातून मीटर आणून ड्रमचे फेरे मोजले, मिनिटाला ३८०. सोयाबीनला साडेतीनशे ते चारशेच पाहिजेत, काकाजी नुसत्या आवाजावरून सांगायचे तेवढेच. पहिली पेंडी मी टाकली. कुटार उडालं अन् खालून दाणा आला, अख्खा, पिवळा, नख मारलं तरी साल न सुटणारा. तुझं नाव घेतलं रे तेव्हा. पाच क्विंटल निघालं.

मग ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या रांगेत शंभर दाणे मांडले. शेजारच्या वावरात हार्वेस्टरनं काढलेल्या सोयाबीनचेही शंभर, बाजूलाच. सहाव्या दिवशी मोजले. आपले ८४, त्यांचे ५८. बियाण्याला सत्तर तरी लागतात. हार्वेस्टरवाल्यानं भर दुपारी वाळलेल्या मालात मशीन पळवली होती, तेही खरं. सगळ्यांचंच असं होतं असं मी म्हणत नाही.

आता मुद्द्याचं. धाकट्यानं भंगारवाल्याशी बोलून ठेवलंय. झेटर अन् हडंबा, दोन्ही. तो वाईट नाही विज्या, त्याचंही ऐक. त्या खटपटीत पाच माणसं अन् अख्खा दिवस गेला, हार्वेस्टर एक एकर अर्ध्या-पाऊण तासात मोकळं करतो. बायांची मजुरी, डिझेल, पट्टा धरला तर माझा हिशेब त्याच्यापुढं टिकत नाही. यंदाचा हमीभाव क्विंटलला ५३२८, अन् बाजारात गाडी उभी केली की त्याच्या कितीतरी खाली बोली लागते. हडंब्यात हात गेलेला माणूस आपल्याच गावात फिरतो, हेही त्यानं मला ऐकवलं. माझ्याकडं उत्तर नव्हतं. पण मी सगळं वावर त्यावर काढा म्हणतोय का? फक्त बियाण्यापुरतं. एकरी तीस किलो लागतं, बारा एकराला साडेतीन-चार क्विंटल. एवढं घरचं असलं की जूनमध्ये दुकानापुढं रांग नको, दुबार पेरणीची धडधड नको. रात्री झोपेतही मी हेच भांडतो त्याच्याशी. बायको म्हणते, विज्याभाऊजींना विचारा अन् एकदाचं झोपा.

तुझ्या पोरीचं कॉलेज सुरू झालं का? वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं? तिकडं थंडी पडली असेल, जप. माझं बीपी गोळीवर बरं आहे. तुझ्या मायला परवा कारंज्याला भेटून आलो, तब्येत चांगली आहे, माझ्या हातचा चहा अजून तिला फिक्काच लागतो. पुल्लीचं तिला सांगितलं नाही. ते तू सांग, तो हक्क तुझा.

भागी मोडली तेव्हा काकाजींनी हडंब्याचा अर्धा पैसा घेतला नव्हता, राहू दे म्हणाले होते. म्हणजे अर्धा अजून तुझाच आहे. धाकट्याला मी तेच सांगितलं, विज्याला विचारल्याशिवाय बोल्टही हलणार नाही. हे पत्र पोराकडून फोटो काढून पाठवतोय, अस्सल कागद टपालानं येईल. भंगारवाला गुरुवारी येतो. बुधवारच्या रात्रीपर्यंत कळव, ठेवायचं की द्यायचं. पुल्ली मात्र मी काढून घरात आणलीय, ती कुणालाच देत नाही.

तुझाच,
गज्या