सौर पंप कोणाच्या सातबाऱ्यावर?

महोदय,

अर्थसंकल्प सादर झाला की ‘मराठवाड्याच्या पदरात काय पडले’ याची चर्चा सुरू होते. प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. आलेला पैसा इथल्या कोणाच्या हाती पडतो आणि तो खर्च झाल्यावर जमिनीतले पाणी वाढते की आटते, हे तरतुदीच्या आकड्यावरून कळत नाही.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना घ्या. सर्वसाधारण शेतकऱ्याने दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के रक्कम भरायची, बाकी भार शासनाचा. डिझेल वाचते, रात्री-अपरात्री पाणी द्यायला जावे लागत नाही, म्हणून हवामानाच्या कसोटीवर ती सहज उत्तीर्ण होते. मात्र अर्जदाराच्या नावे सातबारा लागतो आणि त्यावर विहीर किंवा बोअरची नोंदही लागते. खुरपणीपासून कापूसवेचणीपर्यंत राबणाऱ्या बाईचे नाव बहुतेक घरांत त्या उताऱ्यावर नसते. पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची लक्ष्मीमुक्ती योजना १९९२ पासून कागदावर आहे, आणि शेतकऱ्याच्या विधवेला वारस नोंदीसाठी आजही तलाठी कार्यालयाचे उंबरठे झिजवावे लागतात. दुसरीकडे, विजेचे बिलच नसल्याने पंप बंद करण्याची घाई कोणाला नसते. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी फक्त भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठते. उपशावर काही बंधन नसेल तर हाच ‘हरित’ पंप शेजारच्या कोरडवाहू शेतकऱ्याची विहीर उन्हाळ्याआधीच कोरडी पाडू शकतो. योजना वाईट आहे असे मी म्हणत नाही. मंजुरीआधी ती विषमता आणि हवामान अशा दोन्ही अंगांनी तपासायला हवी, एवढेच म्हणणे आहे.

असे मूल्यमापन नवे नाही. केंद्र सरकार २००५-०६ पासून जेंडर बजेटचे, म्हणजे स्त्रियांसाठीच्या तरतुदींचे विवरणपत्र मांडते, ओडिशाने २०२०-२१ मध्ये हवामान अर्थसंकल्प, म्हणजे हवामान बदलाशी निगडित खर्चाचा हिशेब मांडला, मुंबई महापालिकेनेही २०२४ मध्ये तो सादर केला. स्कॉटलंडमध्ये तर अर्थसंकल्पातील खर्चाचा उत्सर्जनावर काय परिणाम होईल हे सांगणे २००९ च्या कायद्याने बंधनकारक आहे. पण नुसते विवरणपत्र जोडल्याने भागत नाही. केंद्राच्या विवरणपत्रात ग्रामीण घरकुलांची तरतूद शंभर टक्के स्त्रियांसाठीची म्हणून दाखवली गेली आहे, आणि घर पती-पत्नीच्या संयुक्त नावेही मिळू शकते! अशा हिशेबाला मूल्यमापन म्हणणे जड जाते.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सीना, मांजरा, सिंदफणेच्या काठची शेते खरवडून गेली. पंचनामा पिकाचा होतो आणि मदत हेक्टरी ठरते. कोरडवाहूसाठी आपत्ती निधीचा दर तेव्हा हेक्टरी ८,५०० रुपये होता. ज्या मजूर बाईची त्या हंगामातली सगळी वेचणी गेली, तिच्या नावे हेक्टर नाही, म्हणून नुकसानीच्या यादीत तीही नाही. हवामानाचा फटका आणि विषमता या दोन बाबी वेगवेगळ्या तक्त्यांत तपासल्या तर ही बाई दोन्हींतून निसटते, म्हणून मूल्यमापन एकत्रच व्हायला हवे.

सुरुवात मुंबईतूनच व्हावी असे नाही. जिल्हा नियोजन समितीपुढे वार्षिक आराखडा येतो, तेव्हा मोठ्या कामांपुढे लाभ कोणाच्या नावे जाणार, भूमिहीनांच्या मजुरीवर काय परिणाम होणार आणि भूजलाचे काय होणार, एवढे तरी लिहिलेले असावे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी आहेत, कृषी गणनेत स्त्री-पुरुष खातेदारांची वर्गवारी आहे. नव्या सर्वेक्षणाची सबब त्यामुळे चालणार नाही. राज्य पातळीवर मात्र पुरवणी मागण्यांनाही, म्हणजे अर्थसंकल्पानंतर मांडल्या जाणाऱ्या जादा खर्चालाही, हीच अट लावावी लागेल. २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात सुमारे ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. एवढा खर्च मूल्यमापनाबाहेर ठेवायचा असेल, तर मूळ अर्थसंकल्पाला जोडलेल्या विवरणपत्राला फारसा अर्थ उरत नाही.

– एक वाचक, जि. परभणी