आवड विचारता, पण हातात काय देता?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीच्या निकालानंतर आपल्या दैनिकाने काढलेली करिअर पुरवणी सगळी वाचली. जवळपास प्रत्येक लेखात एकच सल्ला फिरून फिरून आला आहे : मुलांनी आपली आवड ओळखावी आणि पालकांनी ती जपावी. लेख चांगल्या मनाने लिहिले आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. माझी शंका साधी आहे. ज्या पोराने पंधरा वर्षांत वही, गाईड आणि मोबाईल यांखेरीज काही हातात धरलेले नाही, त्याने आवड ओळखायची कशावरून?

मी शासकीय आयटीआयमध्ये (औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत) फिटर ट्रेडचा शिल्पनिदेशक, म्हणजे शिकवणारा, होतो. फिटर म्हणजे लोखंडाचे भाग घासून, मापात आणून जोडणारा कारागीर. १९८५ साली लागलो, २०१९ साली निवृत्त झालो. दरवर्षी नवी बॅच आली की पहिल्या दिवशी मी एकेकाला विचारायचो, ‘फिटरच का घेतलास?’ ‘इलेक्ट्रिशियनला नंबर लागला नाही.’ ‘मामा म्हणाले घे.’ ‘हा माझा दोस्त आहे, त्यानं घेतलं म्हणून.’ एकाने तर सांगितले होते, ‘सर, फिटर म्हणजे काय ते तुम्हीच सांगणार ना?’ आवड आहे म्हणून आलो, असे म्हणणारा चार-पाच वर्षांतून एखादा निघायचा, आणि बहुधा तोच पहिल्या महिन्यात कंटाळायचा.

हसण्यासारखे यात काही नाही, कारण मी स्वतः असाच आलो. १९७७ साली मला टर्नर, म्हणजे लेथ मशिनवर काम करणारा, व्हायचे होते. का, तर शेजारचा एक जण टर्नर होता आणि त्याच्याकडे मनगटी घड्याळ होते. माझा नंबर येईपर्यंत टर्नरच्या जागा भरल्या. खिडकीमागचे कारकून म्हणाले, ‘फिटर आहे, घेतोस का पुढच्याला देऊ?’ घेतले. पुढच्या सगळ्या आयुष्याचा निर्णय त्या खिडकीपाशी अर्ध्या मिनिटात झाला. त्याचा पस्तावा मला कधी झाला नाही, पण ते शहाणपण माझे नव्हते.

फिटरच्या पोराला सुरुवातीचे कित्येक आठवडे एकच काम असते. व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या पकडीत, लोखंडाचा तुकडा आवळायचा आणि कानस मारायची. दिवसच्या दिवस. तळहाताला फोड येतात, खांदे भरून येतात, आणि समोरचा जॉब, म्हणजे तो तुकडा, सपाट व्हायच्या ऐवजी मधे फुगीर होत जातो. कानस पुढे जाताना कापते. मागे येताना दाब द्यायचा नसतो, दिला की दाते बोथट होतात. हे सांगून कळत नाही. मी पाठ करून उभा असलो तरी आवाजावरून मला कळायचे, कोण मागे येताना दाबतोय ते. या दिवसांत मुलांना ‘काम आवडतंय का?’ असे विचारले असते तर अर्धा वर्ग उठून घरी गेला असता. काही जातही असत.

मग दिवाळीच्या आसपास एक दिवस येतो. पोरगा जॉबवर गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) ठेवतो आणि खिडकीकडे धरतो. जॉब आणि गुण्या यांच्या फटीतून उजेड दिसला तर पृष्ठभाग अजून वाकडा आहे. इतके दिवस उजेड दिसत होता. आज दिसत नाही. तो पुन्हा बघतो, जॉब फिरवून दुसऱ्या बाजूने बघतो, मग काही न बोलता माझ्यासमोर आणून धरतो. त्या वेळचा त्याचा चेहरा मी शेकडो वेळा पाहिला आहे. त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत त्या पोराला फिटरकामाची आवड नव्हती. हात बसला आणि मग आवड आली. मी तरी तिला अशीच येताना पाहिले आहे.

कुणी म्हणेल, मग काय मुलांना कुठेही ढकलून द्यायचे? नाही. माझ्याकडून झालेली एक चूक इथे सांगायला हवी. एका बॅचला एक मुलगा होता. हात उत्तम. व्हर्निअर या बारीक मापाच्या साधनावर मोजून ०.०२ मिलिमीटरच्या हिशेबात काम द्यायचा. पण सुटी झाली की बाकीचे चहाच्या टपरीवर, आणि हा वर्कशॉपच्या मागे लावलेल्या रोपांपाशी. दुसऱ्या वर्षी म्हणाला, ‘सर, मला यात गोडी वाटत नाही.’ मी त्याला झापले. एवढा हात असून सोडतोस काय, निमूट पूर्ण कर. त्याने पूर्ण केले, अप्रेंटिसशिप केली, चार वर्षे कारखान्यात काढली आणि मग सोडून रोपवाटिका टाकली. गेल्या वर्षी त्याच्याकडे गेलो होतो. शेडनेटचे सगळे सांगाडे त्याने स्वतः वेल्डिंग करून उभे केलेले. मला वाटले, आता तो म्हणेल की सर, तुमच्याकडची वर्षे कामी आली. मी तसे सुचवूनही पाहिले. तो म्हणाला, ‘वेल्डिंग काय, कुणालाही चारशे-पाचशे देऊन करून घेतलं असतं. वर्षं गेलीच की सर.’ आणि जाताना मला कढीपत्त्याचे रोप दिले.

तेव्हा हात बसला की आवड येतेच, असा माझा दावा नाही. माझे म्हणणे एवढेच की हात लावल्याशिवाय ती येते की नाही हे कळायला मार्ग नाही, आणि आपल्या शाळांनी तो मार्गच बुजवून टाकला आहे. शासनाने २०१६ साली दहावीच्या मुलांसाठी कल चाचणी आणली. हेतू चांगला होता. पण ज्या मुलीने कधी सोल्डरिंग आयर्न धरले नाही, वाफा तयार केला नाही, आजारी माणसाची शुश्रूषा केली नाही, तिचा कल प्रश्नपत्रिकेतून काय कळणार? तिने काय पाहिले आहे, एवढेच त्यातून कळते. घरात कुणी पोलिसात असेल तर गणवेश, मामी नर्स असेल तर दवाखाना.

मी शिकलो तेव्हा टेक्निकल हायस्कूल नावाचा प्रकार होता. आठवीपासून आठवड्यातले काही तास वर्कशॉपमध्ये जायचे. लाकूड, पत्रा, लोखंड, वायरिंग, थोडे थोडे सगळे. त्यातून सगळे कारागीर झाले नाहीत. माझ्या वर्गातला एक जण वकील झाला. पण आपल्याला काय जमत नाही, हे तरी त्याला आठवीतच कळले होते.

पाबळचे उदाहरण आपल्या वाचकांपैकी अनेकांना माहीत असेल, नसेल तर असायला हवे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रातले मोठे अधिकारी. पंचावन्नाव्या वर्षाच्या आसपास ती नोकरी सोडून १९८३ साली ते शिरूर तालुक्यातल्या पाबळ या कोरडवाहू गावात गेले आणि तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतल्या आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस प्रत्यक्ष काम करायचे : वर्कशॉप, वीज, शेती, घर आणि आरोग्य, सगळ्यांतून फिरायचे, आणि जमेल तिथे गावाला उपयोगी पडेल असेच करायचे. शाळा सोडलेल्या पोरांसाठी वर्षभराचा निवासी अभ्यासक्रम वेगळा. हा मजुरांचा कारखाना नव्हता. हाताने शिकताना डोकेही चालते, हे कलबागांचे म्हणणे होते आणि ते त्यांनी करून दाखवले. चाळीस वर्षे उलटली. पाबळची नक्कल किती शाळांनी केली, हे आपण एकदा शोधून छापावे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवावेत, त्या दिवसांत त्यांनी गावातल्या सुताराकडे, माळ्याकडे, कुंभाराकडे जाऊन शिकावे, असे स्पष्ट लिहिले आहे. वाचून मला फार आनंद झाला होता. आमच्या भागातल्या एका शाळेत (नाव घेत नाही, मास्तरांचा दोष नाही) जाऊन विचारले. दप्तरमुक्त दिवशी काय केले? तर एक दिवस चित्रकला स्पर्धा आणि एक दिवस सहल. सुताराकडे का नाही नेले? तर सुतार म्हणाला, माझ्या रंध्याला कुणाचे बोट लागले तर जबाबदार कोण. सुताराचेही बरोबर आहे. पण या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी धोरण लिहिले त्यांनी शोधायचे, की त्या सुताराने?

आता दुसरी बाजू, कारण आयटीआयचा माणूस आयटीआयचीच आरती ओवाळतो असे व्हायला नको. आमच्या पोरांना समाधान मिळत नाही याचे कारण नेहमी आवड नसणे हे नसते. पुष्कळदा पगार नसतो. नाव ट्रेनी आणि काम कायम कामगाराचे, असे वर्षानुवर्षे चालते. एका ठेकेदाराकडून दुसऱ्याकडे, दर अकरा महिन्यांनी नवा कागद. लग्नाच्या बैठकीत ‘मुलगा फिटर आहे’ म्हटले की चहा येतो, पोहे येत नाहीत. मग तोच मुलगा तीन वर्षांचा अनुभव सोडून पुण्याला सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो आणि स्पर्धा परीक्षेला बसतो. खुल्या वर्गाला वयाच्या ३८ पर्यंत, मागासवर्गीयांना ४३ पर्यंत राज्यसेवेची परीक्षा देता येते. ती मर्यादा वाढवून देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, पण तेवढी वर्षे अभ्यासिकेत बसलेली मुले मी पाहिली आहेत. त्यांना प्रशासनाची ओढ आहे असे मला वाटत नाही. त्यांना बैठकीत पोहे हवे आहेत. यात त्यांना आळशी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

पालकांना साध्या गोष्टीही माहीत नसतात. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्याला पात्रतेत बसल्यास पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, तिथून पुढे इंजिनीअरिंगच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. माझे काही विद्यार्थी असे गेले आहेत. म्हणजे आयटीआय म्हणजे गल्लीचे टोक नाही. आपल्या पुरवणीत परदेशी विद्यापीठांना पाऊण पान आहे. राज्यात चारशेच्या वर शासकीय आयटीआय आहेत, त्यांना मात्र एक चौकट, तीही ‘इतर पर्याय’ या मथळ्याखाली.

आम्ही कराडचे लोक. आमचे रेल्वे स्टेशन ओगलेवाडीला, आणि मिरजेकडे जाताना पुढे किर्लोस्करवाडी लागते. ती वसवणारे उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला गेले ते चित्रकार व्हायला, जे. जे. स्कूलमध्ये. रंग ओळखण्यात डोळ्यांत दोष निघाला. मग यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले, व्हीजेटीआय या मुंबईच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवले, बेळगावात सायकलींचे दुकान टाकले, मग कडबा कापायची यंत्रे, मग लोखंडी नांगर. १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना आणला. आज कुणी समुपदेशकाने त्यांना सोळाव्या वर्षी ‘तुमची आवड?’ विचारले असते, तर त्यांनी चित्रकला हेच उत्तर दिले असते, आणि ते खोटेही नसते. (आमच्या ड्रॉइंगच्या तासाला मी ही गोष्ट दरवर्षी सांगायचो. पोरे नांगरापर्यंत ऐकायची, पुढे झोपायची.)

आपल्याकडे माझे एवढेच मागणे आहे. पुढच्या पुरवणीत गुणवंतांच्या मुलाखती जरूर छापा, पण त्यांच्या शेजारी दहा वर्षे काम केलेल्या माणसांनाही जागा द्या. वेल्डर, परिचारिका, द्राक्षबागेत छाटणी करणारा, लॅब टेक्निशियन, शिवणकाम करणारी. सकाळी किती वाजता निघतात, हातात किती पडतात, कशाने वैताग येतो, कोणत्या दिवशी बरे वाटते, एवढेच विचारा. ‘यशाचे रहस्य’ विचारू नका, ते त्यांनाही माहीत नसते.

आणि दुसरे, हे आपल्यामार्फत वाचकांना. निवृत्तीनंतर मी घराच्या पडवीत दोन व्हाइस बसवले आहेत. कानशी, हॅकसॉ, गुण्या सगळे आहे. शाळा उघडल्या की रविवारी सकाळी आठ ते दहा, सातवी ते नववीच्या कुठल्याही मुलामुलीला मी शिकवीन. फी नाही. मात्र एकाच रविवारी येऊन चालणार नाही, सहा रविवार यायला हवे आणि पहिल्या दिवशी पालकांपैकी एकाने सोबत थांबायला हवे. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. येताना जुने कपडे घालून यावे. लोखंडाचा काळा डाग साबणाने जात नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्पनिदेशक,
कराड