शाळेत पाठवायचे की घरी ठेवायचे?

पुणे, १४ जुलै

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. लेकीला महिन्याभरात तिसऱ्यांदा सर्दी झाली असून, शाळेत पाठवायचे की घरी ठेवायचे यावरून रोज सकाळी तुमच्यात वाद होतो, हे वाचून मला आमच्याच घरची सकाळ आठवली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नुसते नाक गळत असेल, थोडा खोकला असेल, पण ती नेहमीसारखी खात-खेळत असेल, तर तिला अवश्य पाठव. लहान मुलांना वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणे स्वाभाविक आहे आणि सर्दी गेल्यावरही खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. त्यामुळे प्रत्येक शिंकेला घरी ठेवायचे म्हटले, तर पहिलीचे वर्ष घरातच सरेल. शेंबूड पिवळा-हिरवा झाला, एवढ्यावरून अँटिबायोटिकही मागू नकोस.

तापाचे मात्र तसे नाही. १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, किंवा त्याहून अधिक ताप असेल तर शाळा नाही, आणि औषध न देता चोवीस तास ताप आला नाही तरच पुन्हा शाळा, हा आमच्या घरचा नियम आहे. काखेत थर्मामीटर लावला तर आकडा थोडा कमी दिसतो, तेही लक्षात घे.

हा नियम आम्ही माझ्या चुकीनंतर केला. मुलगा दुसरीत असताना त्याला रात्री १०१ ताप होता. त्याची आई परगावी गेली होती आणि मला कचेरीत महत्त्वाची बैठक होती. सकाळी मी त्याला पॅरासिटामॉलचे सिरप दिले, अंग गार लागले, तेव्हा ताप गेला अशी मी स्वतःची समजूत घातली आणि त्याला रिक्षात बसवले. त्या औषधाचा परिणाम चार ते सहा तास टिकतो, हे मला माहीत होते. साडेअकराला शाळेतून फोन आला. मी पोहोचलो तेव्हा तो मांडीवर दप्तर घेऊन, लाल झालेल्या चेहऱ्याने बाकावर बसला होता. ‘बाबा, तुझी मीटिंग होती ना, म्हणून मी बाईंना लवकर सांगितलं नाही,’ असे तो म्हणाला. त्याच आठवड्यात त्याच्या बाकावरचा मुलगाही तापाने पडला. तो आमच्यामुळेच आजारी पडला असे खात्रीने सांगता येणार नाही, पण त्याच्या घरी वयोवृद्ध आजोबा होते, आणि आठवडाभर मला त्यांचीच काळजी लागून राहिली होती.

उलटी किंवा जुलाब झाले, तर शेवटच्या वेळेनंतर ४८ तास घरी ठेवावे, असे ब्रिटनची आरोग्यसेवा सांगते. आम्हीही तेच करतो. कांजिण्यांत सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत शाळा नाहीच. शंभर टक्के हजेरीला बक्षीस देण्याची पद्धत मला मुळीच पटत नाही, कारण त्या बक्षिसासाठी मुले आजार लपवतात आणि पालकही त्यांना साथ देतात.

सध्या पावसाळा आहे, तेव्हा ताप दोन-तीन दिवस हटला नाही तर डॉक्टरांना दाखव. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच अधिक जपायचे असतात. तेव्हा पोटात जोरात दुखू लागले, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आले किंवा मूल मलूल पडले, तर थांबू नकोस, थेट रुग्णालय गाठ.

रजा कोणी घ्यायची हे तुम्ही दोघांनी रात्रीच ठरवून टाका. सकाळी रिक्षावाले काका दारात उभे असताना घेतलेला निर्णय बहुधा आपल्या सोयीचा असतो.

आता तुझा नेमका प्रश्न. ताप ९९.५ आहे, पण तिने जेवण अर्धवट टाकले आणि खेळ सोडून आपणहून आईच्या मांडीवर येऊन झोपली, असे तू लिहिले आहेस. आकडा कमी असला, तरी मी तिला घरी ठेवले असते. मऊ भात आणि भरपूर पाणी दे, झोपू दे, आणि ती पुन्हा खेळायला लागली की मला कळव.

तुझा मित्र