ग्रँट पार्कातला नाच आणि तुमचं उन्हाळ्यातलं येणं

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, मी तिकिटांचा विषय काढला की तुम्ही "बघू पुढच्या वर्षी" म्हणता, आणि आई लगेच फोन घेऊन पोरांच्या शाळेचं विचारते. मग मनातलं मनातच राहतं. म्हणून हे सविस्तर लिहायला बसले आहे. घाईत वाचू नका.

मागच्या खेपेला तुम्ही आलात ते ऐन डिसेंबरात. बाबा दिवसभर खिडकीशी उभे. "इथं रस्त्यावर माणूसच दिसत नाही गं" हे तुमचं वाक्य अजून माझ्या कानात आहे. शिकागोच्या या उपनगरात, आमच्या नेपरव्हिलच्या थंडीत, खरंच दिसत नाही. घरातून गॅरेज, गॅरेजमधून गाडी, गाडीतून दुकान. सगळं आयुष्य एसटीच्या स्टँडवर गर्दीत काढलेल्या माणसाला ते कसं रुचावं? पण शिकागोची माणसं जातात कुठे, ते तुम्हाला जुलैत दाखवायचं आहे.

शहरात मिशिगन अव्हेन्यूला लागून ग्रँट पार्क आहे. त्याच्या एका कोपऱ्यात, बाल्बो आणि हॅरिसन या रस्त्यांच्या मधे, एक छोटी बाग आहे. तिथे दर उन्हाळ्यात 'समरडान्स' भरतो. 1997 पासून शिकागो महापालिका तो भरवते. तिकीट नाही, पास नाही, ओळखपत्र नाही. उघड्यावर नाचाची मोठी फरशी टाकलेली असते. संध्याकाळी आधी तासभर शिकवणी, आणि मग रात्र होईपर्यंत समोर बसून वाजवणारा वाद्यवृंद. एके दिवशी साल्सा, दुसऱ्या दिवशी स्विंग, कधी टँगो. ज्याला यावंसं वाटेल त्याने यावं. ऑफिसातून थेट आलेले टायवाले असतात, बाबागाडीत पोर घेऊन आलेल्या आया असतात, हॉटेलातली पाळी संपवून आलेली पोरं असतात. आणि तुमच्या वयाची माणसं तर कितीतरी.

मला सगळ्यात आवडतो तो 'स्टेपिंग'चा दिवस. हा नाच शिकागोचाच. शहराच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीय वस्त्यांमधे तो घडला. मिसिसिपीसारख्या दक्षिणेकडच्या राज्यांमधून लाखो माणसं कामाच्या शोधात इकडे आली, त्यांच्या पोरानातवंडांनी जुन्या नाचांना धार लावत लावत तो बसवला. त्यात उड्या नाहीत, गिरक्यांची घाई नाही. पाऊल फरशीवरून उचलायचं कमी आणि सरकवायचं जास्त. नाचणारे ठेवणीतले कपडे घालून येतात. इस्त्रीची पँट, हॅट, चकचकीत बूट. आपण लग्नाला निघतो तसे.

अशाच एका स्टेपिंगच्या दिवशी माझ्या शेजारी एक आजी आल्या, हातात काठी. त्यांच्या यजमानांनी ती काठी घेऊन खुर्चीच्या पाठीला अडकवली आणि हात पुढे केला. मी निरखून पाहत होते, कारण आई, मला तुझे गुडघे आठवत होते. फुगडीत आपण हात घट्ट आवळतो आणि अंग मागे सोडून देतो, सगळा भार त्या पकडीवर. इथे उलट. बोटांत बोटं नुसती अडकवलेली, कमरेच्या उंचीवर. ओढाओढ मुळीच नाही. आजोबांनी बोटं जराशी डावीकडे नेली की आजी तिकडे वळायच्या, चारच पावलं, मग पुन्हा समोर. तीन गाणी झाली तरी त्यांना धाप लागली नव्हती. त्यांनी मला सांगितलं, की त्यांची ओळखच नाचाच्या हॉलमधे झाली.

हे फुकट आहे याचं मला एवढं काय वाटतं, ते सांगते. या शहरात एके काळी मोठमोठी नृत्यगृहं होती आणि त्यातल्या काहींमधे कृष्णवर्णीयांना दारातूनच परत पाठवत. त्या आजी-आजोबांच्या आईवडिलांनी ते दिवस पाहिले असणार. आज त्यांचाच नाच शहराच्या दर्शनी रस्त्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालतो आणि तो शिकायला सगळं शहर येतं. दार लावलं असतं, पाच डॉलरचं का होईना तिकीट ठेवलं असतं, तर निम्मी माणसं बाहेर राहिली असती. हॉटेलातली पोरं तर आलीच नसती.

ती जागा मोकळी राहिली तीही सहज नाही. 1836 सालच्या नकाशावर मिशिगन तलावाकाठच्या या पट्ट्यावर लिहून ठेवलं होतं, की ही जमीन सार्वजनिक, इथे कधीही इमारत उठू नये, ती कायम मोकळी राहावी. 1871 च्या भीषण आगीत शहर जळालं तेव्हा जळक्या घरांचा ढिगारा इथेच तलावात लोटला आणि त्यावर भर घालत घालत बाग वाढली. पुढे जमीन दिसल्यावर ज्याला त्याला तिथे इमारत सुचू लागली. तेव्हा माँटगोमेरी वॉर्ड नावाचा एक व्यापारी कोर्टात गेला. 1890 पासून जवळजवळ वीस वर्षं तो भांडत राहिला. वर्तमानपत्रांनी त्याला शहराच्या प्रगतीतला अडसर ठरवलं, पण तो हटला नाही. बाबा, तुम्ही कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटसाठी किती अर्ज केलेत ते मला माहीत आहे. हा माणूस तुम्हाला पटेल.

आता मुद्द्याचं. तुम्ही म्हणाल, आम्ही काय या वयात परक्या मुलखात नाचायचं? पण आई, मंगळागौरीच्या रात्री पिंगा घालताना तू पहाटेपर्यंत बसायची नाहीस. गुडघ्यांचं निमित्त झालं आणि तू खेळ सोडलेस, नंतर तर बघायला जायचंही सोडलंस. आणि बाबा, शाळेच्या लेझीम पथकात तुम्ही पुढच्या रांगेत होतात. अजूनही गणपतीच्या मिरवणुकीत हलगी कडाडली की तुमचा उजवा पाय ठेका धरतो, मी लहानपणापासून बघते आहे. निवृत्तीनंतर तुम्ही दोघंही घरात मिटत चालला आहात. टीव्ही, औषधाच्या वेळा, पुन्हा टीव्ही. मला इथे बसून त्याची काळजी वाटते. ती तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

शिकागोचं महाराष्ट्र मंडळ 1969 पासूनचं आहे. तिथे गणपतीत लेझीम असते, फुगड्या असतात, तिथेही नेईनच. पण तिथे सगळी आपलीच माणसं. मला तुम्हाला अनोळखी माणसांमधे उभं राहिलेलं बघायचं आहे. शिकवणीच्या वेळी दोन गोल करतात, एक आत, एक बाहेर, आणि दर थोड्या वेळाने शिकवणारी बाई माइकवरून सांगते, की आता पुढच्या जोडीदाराकडे सरका. माणूस हसून आपलं नाव सांगतो, आपण आपलं सांगतो, चार पावलं टाकली की पुढचा. इंग्रजी फारसं लागत नाही. परक्या माणसाचा हात धरायला नको वाटत असेल तर गोलाबाहेर तुम्ही दोघंच नाचा, कोणी काही म्हणत नाही. बसायला खुर्च्या आहेत. जुलैत साडेआठपर्यंत उजेड असतो, आणि तलावावरून वारा आला की उकडतही नाही. आपण नेपरव्हिलहून लोकलने जाऊ. बाबांना तिचं वेळापत्रक बघायला आवडेल.

व्हिसा दोघांचाही चालू आहे. विमा मी काढते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली मुंबईहून निघणारी तिकिटं बघून ठेवली आहेत, आईला फार चालावं लागू नये म्हणून विमानतळावर व्हीलचेअर सांगून ठेवेन. आंब्याचं आटोपूनच निघा, म्हणजे आईचा जीव घरात अडकणार नाही. तोवर सकाळी आमराईत दोघांनी एकत्र फेरी मारा. डॉक्टरांनी आईला चालायला सांगितलंच आहे.

एक काम मात्र लगेच करा. दोघांनीही कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने कड काढा आणि त्याचा फोटो पाठवा. रबरी तळव्याचे बूट फरशीला धरतात आणि वळताना गुडघ्याला पीळ बसतो. त्यासाठी चामडी तळव्याचे बूट घ्यायचे आहेत, आणि ते इथून तुमच्या मापाचेच घ्यायला हवेत. बाबांचा डावा पाय किंचित मोठा आहे, तेव्हा दोन्ही पायांची मापं हवीत.

तुमची,
लेक