काटा शून्यावर बघून मी खूश झालो होतो

मामा, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर फोन उचलण्यापलीकडे काही करत नाही, तेव्हा हे नातवाकडून वाचून घ्या. चारचौघांत लिहितोय, कारण कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत माझ्यासारखे छोटे शेडवाले पुष्कळ आहेत आणि त्यातले निम्मे तरी मी करत होतो तेच करत असणार.

गेल्या पावसाळ्यात तुम्हाला बोलावलं ते तुमच्या ट्रॉलीसाठी, म्हणजे मशीनचं तेल गाळणाऱ्या चाकांवरच्या पंप-फिल्टरसाठी, नव्हतंच. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या मोल्डिंग मशीनचा प्रपोर्शनल व्हॉल्व्ह, म्हणजे तेलाचा प्रवाह कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह, दोन महिन्यांत दुसऱ्यांदा अडकला होता. एकदा धुतला, एकदा बदलला, आणि दोन्ही वेळा व्हॉल्व्ह विकणाऱ्याला मनसोक्त शिव्या घातल्या. तुम्ही व्हॉल्व्हकडे बघितलंसुद्धा नाही. तेलाच्या टाकीवरचा ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जायची जाळीची टोपी, काढलात, फाटकी जाळी मला दाखवलीत, चिमटीत थेंबभर तेल चोळलंत आणि म्हणालात, "मालक, हे तेल न्हवं. लॅपिंग पेस्ट हाय."

लॅपिंग पेस्ट म्हणजे धातू घासायचा खरखरीत लेप. शेजारी फाउंड्री, वाळूच्या साच्यांत धातू ओतणारी. सिलिंडर बाहेर गेला की टाकीतलं तेल खाली उतरतं आणि टाकी बाहेरची हवा ओढते. त्या हवेबरोबर वाळूची धूळ आत. व्हॉल्व्हच्या आत सरकणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे स्पूलच्या, बाजूची फट जेमतेम काही मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन, आणि ४० च्या खालचं नुसत्या डोळ्याला दिसतच नाही. मी मात्र रोज टाकीच्या साइट ग्लासमधून, म्हणजे काचेच्या खिडकीतून, बघून 'तेल कसं सोन्यासारखं आहे' म्हणत होतो.

त्यावर मी वाद घातला. तेल नुकतंच बदललंय, ६८ नंबर (हा तेलाच्या दाटपणाचा नंबर), सीलबंद बॅरलमधलं. तुम्ही हसलात. "नवं म्हंजे सवच्छ, हे तुमाला कुणी सांगितलं?" मग बाहेर नेऊन माझा २१० लिटरचा बॅरल दाखवलात. उघड्यावर उभा, डोक्यावर पावसाचं तळं. दिवसा तापून फुगतो, रात्री गार होऊन आकसतो आणि आकसताना बुचातून ते पाणी आत ओढतो. त्याच दिवशी तुम्ही तो शेडखाली आडवा करायला लावलात, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी. अजून तसाच आहे.

दुसऱ्या दिवशी छोट्या हत्तीतून ट्रॉली आली. भाडं आधीच सांगितलंत, ओळखीतही पैसा सोडला नाहीत, आणि ते मला आवडलं. थ्री फेज म्हणून आधी मोटर टिचकीभर फिरवून दिशा बघितलीत. फेज उलटी लागली तर पंप उलटा फिरतो आणि टाकीऐवजी तुमच्याच होजमध्ये गोंधळ घालतो. सक्शनचा पाइप टाकीच्या एका कोपऱ्यात तळाशी, रिटर्नचा समोरच्या कोपऱ्यात तेलात बुडवून. वरून धार सोडली की फेस येतो, हे मी नंतर एकदा स्वतः करून बघितलं. सक्शनचा क्लॅम्प ढिला राहिला तर पंप खडी चघळल्यासारखा वाजतो, तेही.

आता त्या काट्याबद्दल. ट्रॉलीत नवीन एलिमेंट, म्हणजे तेल गाळायची घड्यांची नळी, मी टाकलं, तुम्ही जेवायला बसलात, मी ट्रॉली चालू केली. तेलाला एलिमेंटमधून जायला किती दाब लागतोय ते दाखवणाऱ्या गेजचा काटा शून्यावर, हिरव्यात, हलायला तयार नाही. मी तुम्हाला अभिमानाने हाक मारली. तुम्ही भाकरी हातात घेऊनच आलात. "थंड तेल, ६८ नंबर, पावसाळी हवा, आन काटा हलत न्हाई? आत एलिमेंट बसलंय का, बघा की." फिल्टरचं हाउसिंग उघडलं तर ओ-रिंग, म्हणजे गळती अडवणारं रबरी कडं, जुन्या एलिमेंटला चिकटून कचऱ्यात गेलेली. तेल एलिमेंटच्या कडेने निघून जात होतं. ओ-रिंगला तेलाचं बोट लावून एलिमेंट नीट बसवल्यावर काटा वर चढला, आणि तेल कोमट होत गेलं तसा हळूहळू उतरला. उलटी गंमतही तुम्हीच सांगितलीत: एलिमेंट चोंदलं की बायपास, म्हणजे एलिमेंट टाळून जायचा रस्ता, उघडतो, ट्रॉली मजेत चालू राहते, आणि घाण तशीच फिरत राहते. म्हणून काटा लालला टेकायची वाट बघायची नाही.

एका फेऱ्यानंतर मी बंद करायला निघालो होतो. टाकी ३०० लिटर, पंप मिनिटाला २० लिटर, म्हणजे १५ मिनिटांत काम झालं, असा माझा हिशेब. तुम्ही सात फेरे करायला लावलेत, पावणेदोन तास. साफ तेल त्याच टाकीतल्या घाण तेलात पडतं, मग एका फेऱ्यात कसं भागणार? सात फेरे झाल्यावर तेच एलिमेंट हॅकसॉने कापून त्याच्या घड्या उलगडल्यात. राखाडी चिखल, आणि त्यात सोनेरी चमचम. ती माझ्या पंपाच्या ब्राँझची होती. पोटात गोळा आला.

नंतर तेल तपासून आणलं. तेलातले तीन आकारांचे कण मोजणारा आयएसओ ४४०६ चा आकडा २१/१९/१६ वरून १७/१५/१२ वर आला होता. एक आकडा उतरला की कण साधारण निम्मे होतात, मग चार उतरले म्हणजे किती ते तुम्ही बसल्या जागी सांगाल. व्हॉल्व्ह तेव्हापासून अडकलेला नाही. व्हॉल्व्हवाल्याकडे जाऊन माफी मागून आलो.

आता माझी स्वतःची जुनी ट्रॉली आहे. परवा शेजारच्याने गिअरबॉक्सचं तेल भरायला मागितली. तुमचंच वाक्य ऐकवलं, "गिअर तेलाची ट्रॉली निराळी," आणि दिली नाही. तो सध्या माझ्याशी बोलत नाही.

आणि तुमच्या होजच्या टोकाची लाल टोपी माझ्याकडे राहिली आहे. ड्रॉवरमध्ये पिशवीत बांधून ठेवली आहे, धूळ न लागता. या बाजूला आलात की घेऊन जा.

तुमचा,
मोल्डिंगवाला