पालेभाजी बंद करायला सांगू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर हिरव्या पालेभाज्या बंद करा’ हे वाक्य आरोग्याच्या सदरांत वर्षानुवर्षे छापून येते. आपल्या पुरवणीतही ते येऊन गेले. ते छोटे आहे, चटकन लक्षात राहते आणि जवळपास प्रत्येक रुग्णासाठी चुकीचे आहे. अनेकांच्या बाबतीत त्याला काही अर्थच नाही, आणि ज्यांना ते लागू पडेल असे वाटते त्यांना त्यातून अपाय होऊ शकतो.

घोळ ‘रक्त पातळ’ या शब्दापासूनच सुरू होतो. यांतल्या कुठल्याही गोळीने रक्त पातळ होत नाही, फक्त गोठायला वेळ लागतो. तो वेळ कसा लागतो, हे मात्र गोळीगणिक वेगळे. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल प्लेटलेटना, म्हणजे रक्तातल्या गुठळी बांधणाऱ्या कणिकांना, एकमेकींना चिकटू देत नाहीत. पालेभाज्यांत भरपूर असणाऱ्या आणि रक्त गोठायला लागणाऱ्या के जीवनसत्त्वाशी त्यांचा काही संबंध नाही. ॲपिक्सॅबॅन, रिव्हारॉक्सॅबॅन, एडॉक्सॅबॅन आणि डॅबिगॅट्रान ही नवी औषधे रक्त गोठवणाऱ्या एकेका घटकाला थेट अडवतात, त्यामुळे पालकाची भाजी रोज खाल्ली तरी त्यांच्या कामात फरक पडत नाही. खाण्यापिण्याबद्दल त्यांची पथ्ये वेगळी आहेत. रिव्हारॉक्सॅबॅनची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबतच घ्यावी लागते, रिकाम्या पोटी ती पुरेशी शोषली जात नाही. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल उघडून आतले दाणे खायचे नसतात, कारण तसे केल्यास रक्तात जाणारे प्रमाण बरेच वाढते. या गोळ्या घेणाऱ्याने पालेभाजी सोडली, तर एक चांगला पदार्थ ताटातून गेला, बाकी काही नाही.

राहिली वॉरफरिन आणि तिच्याच घराण्यातली ॲसिनोकुमारॉल. भाजीचा प्रश्न फक्त या गोळ्यांपुरता आहे. हृदयात धातूची कृत्रिम झडप बसवलेल्या रुग्णांना आजही हीच औषधे लागतात, कारण नवी औषधे तिथे चालत नाहीत. म्हणून वॉरफरिन जुनी झाली तरी हा विषय जुना झालेला नाही.

गोळी काय करते ते पाहू. रक्त गोठवणारे २, ७, ९ आणि १० क्रमांकाचे घटक यकृतात तयार होतात. त्यांच्यावर शेवटचा हात फिरवायला के जीवनसत्त्व लागते. एकदा वापरले की ते निकामी होते आणि एक विकर (एन्झाइम) त्याला पुन्हा कामाजोगे करते. वॉरफरिन नेमके या विकराला रोखते. जुने जीवनसत्त्व परत वापरता येत नाही, म्हणून शरीराची भिस्त रोजच्या अन्नातून येणाऱ्या ताज्या जीवनसत्त्वावर राहते. डॉक्टरांनी ठरवलेला डोस म्हणजे तराजूच्या एका पारड्यातले वजन. दुसऱ्या पारड्यात रुग्णाचे नेहमीचे ताट असते. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा तपासणीतला आयएनआर हा आकडा त्या तराजूचा काटा; तो जितका जास्त, तितके रक्त उशिरा गोठते. बहुतेकांसाठी तो २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात, मायट्रल जागेवर, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये, कृत्रिम झडप असेल तर साधारण २.५ ते ३.५.

आता याच माणसाला सांगितले, पालेभाजी बंद. डोस तोच राहिला आणि समोरचे पारडे रिकामे झाले. आयएनआर चढतो, रक्तस्रावाचा धोका वाढतो. मग डोस कमी करून काटा परत जागेवर आणतात. दिसायला सगळे ठीक, पण आता शरीरात के जीवनसत्त्वाची गंगाजळीच उरलेली नाही. रोज २५० मायक्रोग्रॅम पोटात जाणाऱ्याने एखाद्या दिवशी १०० जास्त खाल्ले, तर त्याचे प्रमाण ४० टक्क्यांनी वाढते. रोज जेमतेम ४० वर राहणाऱ्याने तेच १०० खाल्ले, तर ते एकदम साडेतीनपट होते. भाजी टाळणाऱ्याचा आयएनआर अधिक हेलकावे खातो तो यामुळे. आणि आयुष्यभर कोणी हिरवे पान चुकवू शकत नाही; ते सूपमध्ये, सॅलडमध्ये, कोणाच्या घरच्या जेवणात येतेच. तेव्हा सल्ला द्यायचाच तर असा द्यावा : जेवढे खाता तेवढेच खात राहा. अमेरिकेत प्रौढ पुरुषाला दिवसाला १२० आणि स्त्रीला ९० मायक्रोग्रॅम के जीवनसत्त्व पुरेसे मानतात, युरोपात ७०. वॉरफरिन घेणाऱ्यासाठी हा आकडा खाली ओढायचे काही कारण नाही.

‘तेवढेच’ म्हणजे किती, इथे छापील तक्ते दगा देतात. ‘पालक, एक कप’ एवढेच लिहिलेले असते. कच्च्या पालकाची पाने कपात हलकेच भरली तर ती जेमतेम ३० ग्रॅम भरतात आणि त्यांत सुमारे १४५ मायक्रोग्रॅम के असते. तीच पाने शिजली की बसतात. शिजवून पाणी निथळलेल्या पालकाचा अर्धाच कप घेतला तरी तो ९० ग्रॅमच्या आसपास जातो आणि त्यात सुमारे ४४० मायक्रोग्रॅम सापडतात. माप निम्मे आणि जीवनसत्त्व तिप्पट! शिजवल्याने के नष्ट होते हा समज खरा नाही. उष्णतेला ते चांगले तग धरते, प्रकाशात मात्र नष्ट होते. पाण्यात ते विरघळत नाही, म्हणून उकळलेले पाणी ओतून दिले तरी फारसे निघून जात नाही. म्हणून मापायचे तर वजनाने, आणि एकच पद्धत धरून : दर वेळी कच्चे पान तोलायचे, किंवा दर वेळी शिजलेली भाजी त्याच वाटीने, शीग न ठेवता. दोन्हींची सरमिसळ केली की हिशेब बिघडलाच.

शंभर ग्रॅम कच्च्या मालाचे ढोबळ आकडे असे : पार्सली १,६०० च्या वर, पालक ४८०, कोथिंबीर ३१०, कांद्याची पात २००, सॅलडची हिरवी पाने (लेट्युस) १२५, ब्रोकोली १००, कोबी ७५, फिकट करकरीत आइसबर्ग लेट्युस २५ मायक्रोग्रॅम. पान जितके गडद तितके के जास्त. कोबीच्याही बाहेरच्या हिरव्या पानांत आतल्या पांढऱ्या पानांपेक्षा जास्त असते. या आकड्यांनी घाबरून जाऊ नये. कोथिंबीर शंभर ग्रॅम कोण खातो? वरून भुरभुरवलेल्या पाच ग्रॅमांत १५ मायक्रोग्रॅम येतात, तिच्यासाठी घरात वाद घालू नये. बटाटा, टोमॅटो, गाजर, कांदा, केळे, सफरचंद, तांदूळ, गहू, दूध, अंडी, मासे यांत के इतके थोडे असते की मोजणी करायची गरज नाही. तेलांत सोयाबीन तेलाच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे २५ मायक्रोग्रॅम असतात, कॅनोलाच्या चमच्यात १०, शेंगदाणा आणि सूर्यफुलाच्या तेलात नगण्य. घरातले रोजचे तेल बदलले तर हा फरक रोज, प्रत्येक पदार्थातून पडतो. पाहुण्याकडे खाल्लेल्या एका भाजीपेक्षा तो जास्त जाणवू शकतो, पण तेलाचे नाव दवाखान्यात कोणी सांगत नाही.

रोज थोडी पालेभाजी हा सगळ्यांत सोपा मार्ग. रोज जमत नसेल तर आठवड्यातले ठराविक वार धरावेत. सहा दिवस काही नाही आणि सुटीच्या दिवशी भरपूर, हा नेम नव्हे. कोणाला भाजी वाढवायचीच असेल, मधुमेहासाठी किंवा वजनासाठी, तर खुशाल वाढवावी; आधी डॉक्टरांना कळवावे, नवे प्रमाण नेमाने ठेवावे आणि सुमारे आठवडाभराने आयएनआर तपासून डोस बसवून घ्यावा. ताट गोळीप्रमाणे कापण्यापेक्षा गोळी ताटाप्रमाणे बसवणे नेहमीच सोपे असते.

इथे वेळेचे गणित लक्षात घ्यावे. सातव्या घटकाचे अर्धे प्रमाण साधारण ६ तासांत संपते, दुसऱ्या घटकाला ६० तासांहून जास्त लागतात. म्हणून आज खाल्लेल्याचा किंवा बदललेल्या डोसचा परिणाम काट्यावर दिसायला दोन-तीन दिवस जातात, पुरता बसायला जवळपास आठवडा. आयएनआर बिघडलेला आला की रुग्ण कालचे रात्रीचे जेवण आठवू लागतो. कारण शोधायचे ते मागच्या आठवड्यात.

आणि बहुतेक वेळा ते भाजीत नसतेच. अलीकडे हाडांसाठी म्हणून ‘डी३ आणि के२’ अशी जोडगोळी सर्रास घेतली जाते. तिच्यातले के२ बहुधा एमके-७ या रूपात असते. पालेभाजीतले के१ रक्तातून काही तासांत ओसरते, एमके-७ मात्र दिवसेंदिवस टिकते आणि साठत जाते. त्यामुळे अगदी लहान मात्राही आयएनआर खाली आणू शकते. डब्यावर पुढे ‘कॅल्शियम’ मोठ्या अक्षरांत असते आणि के२ मागे बारीक टायपात. जपानी नात्तो या आंबवलेल्या सोयाबीनमध्येही हेच असते, ८५ ग्रॅममध्ये सुमारे ८५० मायक्रोग्रॅम. के जीवनसत्त्वापायी वॉरफरिनसोबत पूर्ण वर्ज्य म्हणावा असा पदार्थ एवढाच. मल्टिव्हिटॅमिनमध्ये के असते, पण आधीपासून रोज घेत असाल तर ती सोडायची गरज नाही. बाटली संपली, पंधरा दिवस नवी आणलीच नाही, अशा धरसोडीने काटा हलतो. हिरव्या पावडरी आणि पालेभाज्यांचे रस यांत एका पेल्यात मूठभर नव्हे, जुडीभर पाने जातात. ग्रीन टीबद्दल उगाच भीती आहे. के पाण्यात उतरत नसल्याने गाळलेल्या चहात ते फार थोडे येते; पानांची पूड करून ती प्यायली, तर गोष्ट वेगळी.

उलट्या दिशेचा धोका याहून मोठा आणि त्याची चर्चा सर्वांत कमी. तापाने, उलट्या-जुलाबांनी दोन-चार दिवस अन्न गेले नाही, की के येणे थांबते आणि तोच डोस जड होतो. त्यात मेट्रोनिडाझोल, को-ट्रायमोक्साझोल ही प्रतिजैविके किंवा बुरशीवरचे फ्लुकोनाझोल सुरू झाले, तर वॉरफरिन शरीराबाहेर जाणेही मंदावते आणि आयएनआर काही दिवसांत धोक्याच्या पातळीवर पोचू शकतो. अशा वेळी तीन ते पाच दिवसांत तपासणी हवीच. पॅरासिटामॉल सुरक्षित खरे, पण दिवसाला २ ग्रॅम वा जास्त असे सलग काही दिवस घेतले तर तेही आयएनआर चढवते. म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅककडे वळणे म्हणजे आगीतून फुफाट्यात. त्या गोळ्या पोटाच्या अस्तराला इजा करतात, रक्तस्राव तिथून सुरू होतो आणि आयएनआर तोवर व्यवस्थित दिसत राहतो. रिफॅम्पिसिन हे क्षयरोगावरचे औषध उलट काम करते, वॉरफरिनचा असर जोरात घटवते. ते थांबवल्यावर काही आठवड्यांत आयएनआर पुन्हा चढतो, हे बऱ्याचदा विसरले जाते.

आयएनआर चढला म्हणून पालक खायचा आणि उतरला म्हणून सोडायचा, ही घरगुती दुरुस्ती कोणी करू नये. डॉक्टर तोंडावाटे के देतात ते मिलिग्रॅमच्या मापात, म्हणजे हजारो मायक्रोग्रॅम. भाजीतले के पानांच्या पेशींत घट्ट बांधलेले असते. त्यातले थोडेच शोषले जाते आणि तेही सोबत तेल-लोणी किती होते यावर ठरते. अशा मापाने डोस दुरुस्त होत नाही. काळी शौच, लघवीत रक्त, न थांबणारे नाकातले रक्त, डोक्याला मार लागणे, अचानक तीव्र डोकेदुखी, यांपैकी काहीही झाले तर भाजीचा आणि आकड्याचा विचार बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे.

गोळी संध्याकाळी ठरावीक वेळी घ्यावी, म्हणजे सकाळच्या तपासणीनंतर डॉक्टरांनी डोस बदलला तर तो त्याच दिवशी लागू होतो. चुकलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवली तर सोडून द्यावी आणि वहीत नोंद करावी. दोन एकदम घेऊ नयेत.

जाता जाता, या औषधाचा जन्मही चाऱ्यातलाच. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत सडलेले गोड क्लोव्हर खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत त्या चाऱ्यातले रसायन हाती लागले, त्यावरून पुढे वॉरफरिन घडली. १९४८ मध्ये ती उंदरांचे विष म्हणून बाजारात आली आणि १९५४ मध्ये माणसांसाठी औषध म्हणून मान्य झाली.

आपल्या पुरवणीत पालेभाज्यांचा तक्ता पुन्हा छापाल तेव्हा त्यात तीन गोष्टी असाव्यात, ही विनंती : तो कोणत्या औषधासाठी आहे, भाजी कच्ची की शिजवलेली, आणि वजन ग्रॅममध्ये. ‘बंद’ हा शब्द वगळलात तरी चालेल.

आपले,
एक आहारतज्ज्ञ आणि एक औषधनिर्माता